जुन्या कॉमिक्सचा संग्रह : मोजक्या पैशांत सुरुवात

दिवाळीपूर्वीची साफसफाई आणि शालेय वर्षाचा शेवट हे रद्दीच्या व्यवसायाचे दोन मोठे हंगाम. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आणि तिला लागून असलेल्या सिडकोत, म्हणजे नवीन नाशिकमध्ये, याच दिवसांत माळ्यावरच्या पेट्या रिकाम्या होतात. वर्तमानपत्रे, वह्या आणि पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यात अधूनमधून वेताळाचा किंवा अमर चित्रकथेचा एखादा अंकही असतो. तो किलोच्या भावाने विकला जातो आणि पुढे कागद कारखान्यात त्याचा लगदा होतो. इंग्रजी अंकांचे संग्राहक देशभर आहेत. मराठी अंक मात्र मुळातच मराठी घरांपुरते छापले गेले. ते याच घरांतून नाहीसे झाले, तर दुसरीकडे सापडण्याची आशा फारशी नाही. त्यामुळे जुन्या कॉमिक्सचा संग्रह हा केवळ श्रीमंतांचा छंद राहत नाही. मर्यादित उत्पन्न असलेल्या कुटुंबालाही तो करता येतो आणि त्यातून भाषेचा एक ठेवा वाचतो.

कोणते अंक, कोणत्या काळातले?

संग्रह करणाऱ्याला प्रमुख मालिकांचा कालपट ठाऊक असावा. टाइम्स ऑफ इंडियाचे प्रकाशक बेनेट, कोलमन आणि कंपनी यांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. सुरुवातीची किंमत ६० पैसे होती. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. पहिले ३२ अंक त्याच्याच कथांचे होते. पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा भारतीय नायक अवतरला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची होती. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली.

अनंत पै यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू झाली आणि १९८० मध्ये ‘टिंकल’ आले. दिल्लीच्या डायमंड कॉमिक्सने १९७८ पासून प्राण यांचा ‘चाचा चौधरी’ घरोघरी पोचवला. राज कॉमिक्सने १९८६ मध्ये ‘नागराज’ आणि १९८७ मध्ये ‘सुपर कमांडो ध्रुव’ हे हिंदी नायक दिले. ‘चांदोबा’ हे काटेकोर अर्थाने कॉमिक नव्हे, ते सचित्र मासिक होते. तथापि मराठी संग्राहक त्याला वगळत नाहीत. १९४७ मध्ये तेलुगू व तमिळ भाषांत सुरू झालेल्या ‘चंदामामा’ची मराठी आवृत्ती १९५२ मध्ये निघाली. हे प्रकाशन २०१३ च्या सुमारास थांबले.

विषय आधी, खरेदी नंतर

नवशिक्या संग्राहकाचे पैसे महाग अंकांपेक्षा विस्कळीत खरेदीत अधिक वाया जातात. दिसेल तो अंक घेतला की वर्षभरात पेटी भरते, पण संग्रह तयार होत नाही. म्हणून आरंभीच एक लहान, पूर्ण होऊ शकेल असा विषय निवडावा. इंद्रजालचे सर्व ८०३ अंक जमवण्याचा संकल्प आकर्षक खरा, पण तो खर्चिक आहे आणि बहुधा अपुराच राहतो. त्याऐवजी केवळ ‘बहादूर’च्या कथा, मराठी आवृत्तीतील वेताळ, किंवा एखाद्या वर्षाचे ‘चांदोबा’चे १२ अंक असे उद्दिष्ट आटोक्यातले ठरते.

मराठी वाचकाला साजेसा आणखी एक विषय म्हणजे मराठी कलावंतांचे काम. अमर चित्रकथेचा पौराणिक व ऐतिहासिक चेहरा घडवण्यात राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम या चित्रकारांचा मोठा वाटा आहे. ‘कृष्ण’ या सुरुवातीच्या गाजलेल्या अंकाची चित्रे वाईरकरांची. ‘शिवाजी’ या अंकाची चित्रे मुळीकांची आणि संहिता ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांची. याच मुळीकांनी पुढे ‘नागराज’साठीही चित्रे काढली. एका चित्रकाराचा माग काढत गेल्यास निरनिराळ्या प्रकाशनांचे अंक एका सूत्रात येतात. असे अंक स्वस्तातही मिळू शकतात, कारण विक्रेता नायकाच्या नावाने भाव लावतो, चित्रकाराच्या नावाने सहसा लावत नाही.

शोध कुठे घ्यावा?

पहिले ठिकाण घराजवळचे रद्दीचे दुकान. अंबड, सातपूर, सिडको या पट्ट्यात महाराष्ट्राच्या विविध जिल्ह्यांतून आणि उत्तरेकडील राज्यांतून रोजगारासाठी आलेली कुटुंबे राहतात. त्यामुळे येथील रद्दीत मराठीबरोबर हिंदी अंकही येण्याचा संभव असतो. एकदा चक्कर मारून हाती फारसे लागत नाही. दुकानदाराला नेमके काय हवे ते सांगावे, नमुन्यादाखल एक अंक दाखवावा, रद्दीच्या भावापेक्षा थोडे अधिक देण्याची तयारी ठेवावी आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जावे. गठ्ठे पुढच्या व्यापाऱ्याकडे जाण्यापूर्वी ते चाळायला मिळणे, हेच खरे साधायचे असते.

दुसरे ठिकाण नात्यागोत्यातील जुनी घरे. गावाकडची पेटी, मामाचे कपाट, निवृत्त शिक्षकांचा संग्रह येथे विचारणा करण्यास खर्च काहीच नाही. तिसरे ठिकाण बंद पडलेली वाचनालये. सुटीच्या दिवसांत कॉमिक्स भाड्याने देणारी दुकाने पूर्वी गल्लोगल्ली होती. त्यांचे अंक शिक्के मारलेले, कडा कापून पाच-सहा एकत्र बांधलेले असतात. प्रदर्शनी संग्रहाला ते चालत नाहीत, पण वाचनासाठी त्याहून स्वस्त सौदा नाही. शिवाय जाड पुठ्ठ्याच्या बांधणीमुळे आतली पाने पुष्कळदा सुस्थितीत राहिलेली असतात.

मुंबईत फोर्टचा फाउंटन परिसर आणि माटुंग्याचा पदपथ, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर ही जुन्या पुस्तकांची परिचित ठिकाणे. नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईस जाऊन त्याच दिवशी परतता येते. मात्र प्रवासखर्च अंकांच्या किमतीत मिळवूनच अशी फेरी ठरवावी. इंटरनेटवरील विक्रीत निवड भरपूर असते, पण भावही चढे असतात. तेथे अडलेला एखादाच अंक घ्यावा.

अंकाची पारख

अंक हाती आला की प्रथम मधली पाने उघडावीत. पिनांजवळचे मधले पान सर्वांत आधी निखळते आणि नेमके तेच हरवलेले असते. त्यानंतर पृष्ठे सलग आहेत का, कोडी वा कूपन कापून घेतले आहे का, मलपृष्ठ मूळचेच आहे का, हे पाहावे. जुन्या पिवळसर कागदावर पिना नव्या आणि चकचकीत असतील तर अंक पुन्हा जोडलेला आहे. भिंगातून पाहिल्यास जुन्या छपाईत रंगांचे ठिपके स्पष्ट ओळीत दिसतात. रंगीत झेरॉक्समध्ये रंग पसरट आणि चित्रांच्या रेषा बोथट होतात.

क्रमांकाच्या बाबतीत सावध राहावे. इंद्रजालचे १२३ आणि १२४ हे अंक संपामुळे निघालेच नाहीत. ज्याला हे ठाऊक नाही, तो वर्षानुवर्षे त्यांच्या शोधात राहतो. पुढे याच मालिकेने सलग क्रमांक सोडून खंड व अंक अशी पद्धत स्वीकारली. मराठी आवृत्तीची नोंद इंग्रजी यादीवरून न करता प्रत्यक्ष मराठी अंक पाहूनच करावी. अमर चित्रकथेचे अंक वारंवार पुनर्मुद्रित झाले आणि नंतरच्या आवृत्त्यांना ५०० च्या पुढचे नवे क्रमांक मिळाले. ‘कृष्ण’ हा मूळचा ११ वा अंक नंतर ५०१ झाला. क्रमांक आणि छापील किंमत एकत्र पाहिली की आवृत्तीचा अंदाज येतो. पुनर्मुद्रणाला पहिल्या आवृत्तीचा भाव देण्याची चूक त्यामुळे टळते.

पैशांचे गणित

‘अॅक्शन कॉमिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या १९३८ मधील पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली. अशा बातम्यांमुळे प्रत्येक जुना अंक म्हणजे गुंतवणूक, असा समज पसरतो. तो भ्रामक आहे. त्या किमतीमागे दुर्मिळता, उत्तम स्थिती आणि श्रीमंत ग्राहकांची बाजारपेठ या तिन्ही गोष्टी असतात. मराठी अंकांना अशी बाजारपेठ नाही. नफ्याच्या आशेने कर्ज काढून किंवा बचत मोडून खरेदी करू नये.

महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढावी. ती ३०० रुपये असली तरी पुरे. एखाद्या महिन्यात खर्च झाला नाही, तर तोच पैसा पुढे अनपेक्षितपणे मिळणाऱ्या गठ्ठ्यासाठी उपयोगी पडतो. गठ्ठा एकत्र घेतल्यास प्रत्येक अंक स्वस्त पडतो. त्यातील दुबार अंक दुसऱ्या संग्राहकाशी बदलून घ्यावेत. अदलाबदल हा संग्रह वाढवण्याचा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

टपालखर्चही धरावा. छापील पुस्तकांसाठीची सवलतीची नोंदणीकृत सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाले, पण नियतकालिके तिच्यात बसत नाहीत. त्यामुळे पाठवणाऱ्याला आधी टपाल कार्यालयात चौकशी करायला सांगावे.

केवळ वाचनाची हौस असेल, तर प्रत्येक अंक विकत घेण्याची गरज नाही. बालभारतीने आपल्या १९७१ पासूनच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहेत. अमर चित्रकथेची पुनर्मुद्रणे बाजारात मिळतात. १८४० पासूनची परंपरा असलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांतही विचारणा करावी. वाचायचे अंक आणि जपायचे अंक वेगळे केले की खर्च आपोआप निम्म्यावर येतो.

जतन

कॉमिक्सचा कागद हलक्या प्रतीचा असतो. त्यातील आम्लामुळे तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. ही क्रिया थांबवता येत नाही, पण लांबवता येते. ऊन, ओल आणि उष्णता हे तीन शत्रू. नाशिकची हवा मुंबईपेक्षा कोरडी असली, तरी पावसाळ्यात भिंतींना ओल येते. म्हणून अंक बाहेरच्या भिंतीला न टेकवता आणि जमिनीपासून उंच, लोखंडी कपाटात ठेवावेत. न्हाणीघर व स्वयंपाकघराला लागून असलेले कपाट टाळावे.

प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत, मागे पुठ्ठा घालून ठेवावा. हा पुठ्ठा आम्लरहित असावा. तो न मिळाल्यास साधा पुठ्ठा दर एक-दोन वर्षांनी बदलावा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नये. तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो. लॅमिनेशनही करू नये. गंजलेल्या पिना अलगद काढून त्या जागी पांढरा सुती दोरा ओवावा. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नयेत. कसर व वाळवी यांच्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी सगळे अंक बाहेर काढून, झटकून, सावलीत हवेशीर ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

नोंदवही

संग्रहाचे मोल शेवटी नोंदींवर ठरते. एका वहीत मालिका, भाषा, अंक क्रमांक, महिना व वर्ष, छापील किंमत, चित्रकार व अनुवादक, अंकाची स्थिती, कुठून व कितीला मिळाला, एवढे रकाने पुरेत. अनुवादकाचे नाव अंकात असल्यास ते आवर्जून टिपावे. मुखपृष्ठाचे छायाचित्र काढून ठेवावे. संपूर्ण अंक स्कॅन करून वाटणे मात्र स्वामित्व हक्काच्या कायद्यात बसत नाही.

ज्या घरात अशी वही आहे, तेथील संग्रह पुढच्या पिढीला केवळ जुन्या कागदांचा ढीग वाटत नाही. तो तिला वाचता येतो, पुढे वाढवता येतो किंवा एखाद्या ग्रंथालयाला सोपवता येतो. संग्राहकाच्या मागे ही वही राहिली, तर त्याचे अंक पुन्हा रद्दीत जाण्याची शक्यता पुष्कळच कमी होते.