मिस्त्री, लाख आणि थिबा राजा: एका जुन्या टेबलाचा इतिहास

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन घालता येत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना बरंच पाल्हाळ झालं होतं, ते छाटलं. थोडं राहिलंय, ते चालवून घ्या.

प्रश्न साधा आहे. तुम्ही वसई-विरारमध्ये राहता, आठवड्यातले तीन दिवस घरून काम आहे, खोली दहा बाय दहाची, बजेट बेताचं. मग ऑनलाइन मिळणारं चकचकीत टेबल मागवायचं, की भंगारवाल्याकडचं जुनं सागवानी टेबल आणून घासूनपुसून वापरायचं? माझं मत आधीच सांगतो: जुनं सागवान मिळत असेल तर जुनंच घ्या. का, ते सांगायला मला सोपाऱ्याहून थेट मंडालेपर्यंत जावं लागणार आहे.

त्याआधी एक गंमत. टेबल दुरुस्त करायचं म्हटलं की आपण काय बोलतो? मिस्त्रीला बोलवा. बिजागरी बदला. ड्रॉवरची चावी हरवलीये. अलमारी लिलावात घेतली. आता मिस्त्री हा पोर्तुगीज 'मेस्त्रे', बिजागरी म्हणजे 'बिसाग्रा', चावी म्हणजे 'शाव्ह', अलमारी म्हणजे 'आर्मारियु' आणि लिलाव म्हणजे 'लैलांव'. मिस्त्रीला द्यायचा पगारसुद्धा पोर्तुगीजच! १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधली दोनशे पाच वर्षं संपली, पण शब्द सुताराच्या पेटीत राहून गेले. वसईच्या किल्ल्यात गेलात तर चर्चच्या भिंती उभ्या दिसतात, वर छप्पर नाही. दगड टिकला, लाकूड गेलं. तिथल्या घंटा मात्र महाराष्ट्रातल्या देवळांत वाजतायत. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच.

लाकडाचा आणि या किनाऱ्याचा संबंध मात्र पोर्तुगीजांच्याही कितीतरी आधीचा. साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या बंदरांचं वर्णन लिहून ठेवलं, त्याला आपण 'पेरिप्लस' म्हणतो. त्यात आपलं सोपारा आहे, कल्याण आहे. आणि भडोचहून इराणच्या आखाताकडे मोठी जहाजं सागवानाचे आणि शिसवीचे ओंडके भरून जायची, हेही आहे. तेव्हाचं सागवान बघायचंय? लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात जा आणि मान वर करा. छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या दिसतील. मूळच्या आहेत त्या. दोन हजार पावसाळे!

सागवान एवढं टिकतं कारण त्यात स्वतःचं तेल असतं. वाळवीला ते आवडत नाही आणि पाणी सहज आत शिरत नाही. म्हणून तर जहाजांसाठी त्याला एवढी मागणी. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने इथे सागवानी जहाजांचा कारखानाच मांडला. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत उतरवलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय.

आता गोष्ट थोडी काळी होते.

जुन्या फर्निचरच्या दुकानात गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, ओरिजिनल बर्मा टीक." दहापैकी नऊ वेळा ही थाप असते असं माझं मत, पण या दोन शब्दांमागे एक अख्खं युद्ध आहे. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाची कंपनी काढली. धंदा ब्रह्मदेशातल्या सागवानाचा. तिथली पद्धत भारी होती. उभ्या झाडाच्या बुंध्याची साल गोलाकार कापून ठेवायची आणि झाड दोन-तीन वर्षं उभ्यानेच वाळू द्यायचं, कारण ओलं सागवान पाण्यात बुडतं. वाळलं की तोडायचं, हत्तींनी ओढत नदीपर्यंत न्यायचं आणि प्रवाहात सोडून द्यायचं. म्हणजे लाकूड सुताराच्या हातात यायच्या आधीच मुरलेलं. त्या काळची फळी आज वाकत नाही त्यामागे ही सगळी वर्षं आहेत.

१८८५ मध्ये मंडालेच्या दरबाराने या कंपनीवर ठपका ठेवला: ओंडके तोडले जास्त, दाखवले कमी, राजाचे पैसे बुडवले. जबर दंड ठोठावला. फ्रेंचांचं तिथे वजन वाढेल म्हणून इंग्रज आधीच अस्वस्थ होते, त्यांना निमित्त मिळालं. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता, नोव्हेंबरमध्ये युद्ध, महिना संपायच्या आत राजा कैदेत. १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेशाचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. आणि त्या राजाला ठेवलं कुठे? रत्नागिरीत! थिबा पॅलेस, जिथे आपण शाळेच्या सहलीत डबा खाल्लाय, तो त्याच थिबा राजाचा. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, राजा वारला १९१६ मध्ये. तीस वर्षं कोकणात, स्वतःच्या देशात परत पाऊल नाही. सागवानाच्या हिशोबावरून पेटलेल्या भांडणाचा शेवट हा असा. ती कंपनी आजही आहे बरं का. आता ती वाडिया समूहाकडे आहे, आणि ब्रिटानिया बिस्किटातला त्या समूहाचा हिस्सा तिच्यामार्फत येतो. टेबलावर चहा-बिस्किट ठेवताना आठवा.

हे लाकूड मुंबईत येऊन काय झालं? ऑफिसची टेबलं झाली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेला पहिली लोकल सुटली, सकाळी एक जाणारी आणि संध्याकाळी एक येणारी. त्याआधी कामाची जागा बऱ्याचदा घरातच असायची. कुलकर्ण्याचं दप्तर ओसरीवर, सावकाराचं उतरतं डेस्क गादीपुढे. मांडी घालायची, बोरू घ्यायचा, काम सुरू. लोकलने विरारकराचं ऑफिस घरापासून साठ किलोमीटर लांब नेलं, आणि मार्च २०२० ने ते एका आठवड्यात परत आणून डायनिंग टेबलावर टाकलं. मधल्या दीडशे वर्षांत फोर्टातल्या ऑफिसांनी जी टेबलं वापरली आणि मग काढून टाकली, ती लिलावातून चोर बाजार, जोगेश्वरी करत करत आपल्या वसई पूर्वेच्या गाळ्यांपर्यंत पोचतात.

आता मुद्द्यावर येतो. त्या टेबलावर जो लाल-तपकिरी चकाकता थर असतो तो लाखेचा. लाख म्हणजे एका किड्याचा स्राव. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखो किडे बसतात आणि स्वतःभोवती राळेसारखं कवच करतात. फांद्या खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे करतात. बाजारात त्याला चपडा म्हणतात. महाभारतातलं लाक्षागृह याच लाखेचं. आपल्याकडे गोंदियाच्या बाजूला पळसावर लाख होते, जास्त उत्पादन झारखंड आणि छत्तीसगडचं. रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये खास लाखेवर संशोधन करणारी संस्था निघाली, एवढं या किड्याचं वजन होतं. कारण तेव्हा जगाला लाख लागत होती रेकॉर्डसाठी. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या ज्या पटकन फुटायच्या, त्या लाखेच्या. आणि युरोपात एकोणिसाव्या शतकात ज्याला 'फ्रेंच पॉलिश' म्हणून डोक्यावर घेतलं, त्यात फ्रेंच फक्त हात फिरवायची पद्धत. माल आपला.

लाखेचा गुण असा की ती स्पिरिटमध्ये विरघळते. आज विरघळते आणि शंभर वर्षांनीही विरघळते. म्हणजे १९३० साली लावलेला थर तुम्ही आज स्पिरिटच्या बोळ्याने सैल करून पुन्हा पसरवू शकता, खालचं लाकूड न खरवडता. जुन्या सांध्यांचंही तसंच. तेव्हा प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरायचे. गरम पाणी आणि थोडी वाफ दिली की सांधा सुटतो, साफ करून परत जोडता येतो. १९५९ मध्ये फेविकॉल आलं, सुतारांचं काम सोपं आणि सांधा पक्का झाला, पण तो परत सुटत नाही. पीयू पॉलिशचंही तेच: दिसतं काचेसारखं, पाण्याला दाद देत नाही, पण एकदा उडालं की पूर्ण घासून काढण्याशिवाय इलाज नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर जुन्या टेबलाला अनडू होतं. नव्याला नाही.

आणि स्वस्त नव्या टेबलाला तर काहीच नाही. ते पार्टिकल बोर्ड असतं, भुसा आणि गोंद दाबून केलेलं. कडेने पाणी शिरलं की फुगतं, स्क्रूचं भोक एकदा सैल झालं की तिथे परत स्क्रू बसत नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी होतं ते दिवस आठवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पाणी ओसरल्यावर काय काय बाहेर फेकलं, त्यात सागवान किती होतं? आपल्या गावात दरवर्षी कुठे ना कुठे पाणी भरतं. इथे पार्टिकल बोर्ड घेणं म्हणजे पावसाळ्याला भाडं देणं.

बरं, आता करायचं कसं. घेताना टेबल उलटं करा. बारीक भोकं आणि त्याखाली ताज्या पिठासारखी पूड दिसली तर किडा जिवंत आहे, कितीही स्वस्त दिलं तरी सोडा. मग आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर लाख. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर बहुधा पीयू, मग मिस्त्रीशी बोला.

टेबलावर जुना ऑइल पेंट असेल, तो हिरवा किंवा करडा सरकारी रंग, तर थांबा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोरडा घासला की त्याची धूळ अख्ख्या वन बीएचकेत पसरते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर असला तुकडा घरात घासूच नका. बजेट वाचवायच्या नादात हा धोका घेण्यासारखा नाही.

लाख असेल तर काम सोपं. आधी सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ काढा. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवा, सकाळी मलमलच्या कपड्यातून गाळा. गॅस बंद, खिडक्या उघड्या, कारण स्पिरिट पटकन पेट घेतं. कापसाचा गोळा मलमलमध्ये गुंडाळून बोळा करा, त्यावर एक थेंब गोडं तेल, आणि पातळ थर द्या. हात थांबवायचा नाही, थांबला की तिथे डाग. एक थर सुकला की दुसरा. आठ-दहा थर लागतात, शनिवार-रविवार जातात. घाईचा माणूस असाल तर हे तुमच्यासाठी नाही.

काचपेपर शक्यतो पेटीतच राहू द्या. लाख परत लावता येते, घासून गेलेलं लाकूड परत येत नाही. कडेला कुणाचा हात वर्षानुवर्षं टेकून आलेली गोलाई, शाईचा डाग, आकडेमोड करताना पडलेले चरे, हे सगळं ८० नंबरच्या काचपेपरने दहा मिनिटांत जातं. वसईच्या गावांमध्ये जुन्या घरांतून पेटारे निघतात, पणजीच्या लग्नातले. त्यांना तर फक्त पुसा. सोशल मीडियावर पेटारा पांढरा रंगवून दाखवणारे व्हिडिओ बघून माझं रक्त खवळतं, असो.

लाखेचा दोष पण सांगतो. गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. स्पिरिटने जेमतेम ओला केलेला बोळा त्यावरून हलकेच फिरवला की बहुतेक वेळा जातं. तेवढाही व्याप नको असेल तर वर काच टाका. फोर्टातल्या हेडक्लार्कच्या टेबलावर काच असायची आणि काचेखाली रेल्वेचं टाइमटेबल, ते उगाच नव्हे.

उरलेलं पॉलिश घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीवर तारीख लिहा. सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं तर आधी एका फळकुटावर लावून बघा. दुसऱ्या दिवशीही बोट चिकटत असेल तर ते टाकून द्या आणि नवीन भिजवा.