प्रज्ञाचक्षूंचा मेंदू : गुलाबराव महाराज आणि १९०९चा नकाशा

अमरावती जिल्ह्यातील माधानचे संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) वर्षाचेही नव्हते, तोच त्यांची दृष्टी गेली. पुढे इतरांनी वाचावे, महाराजांनी ऐकावे आणि सांगावे, लेखनिकांनी उतरवावे, अशा रीतीने शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सिद्ध झाले. वेदान्तापासून डार्विन-स्पेन्सरच्या खंडनापर्यंत त्यांचा आवाका होता. लोकांनी त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले.

भक्तांच्या लेखी हा ईश्वरी प्रसाद. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याच काळात जगात मेंदूविषयी काय शोधले जात होते, तेही पाहावे.

एकेका कार्याला मेंदूत विशिष्ट जागा असते, हे १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूवरून दाखवले. इजा डाव्या ललाटखंडात, म्हणजे कपाळामागच्या भागात होती. नियोजन आणि निर्णय हेही याच खंडाचे काम. स्पर्शाची जाणीव माथ्याकडील पार्श्विक खंडात, ऐकणे कानाजवळच्या शंखखंडात. नव्या आठवणी साठवण्यासाठी लागणारा हिप्पोकॅम्पस शंखखंडाच्याच आतल्या बाजूस असतो. तोल लहान मेंदू सांभाळतो. श्वास आणि हृदयाची गती मस्तिष्कपुच्छ.

आणि दृष्टी? ती डोक्याच्या अगदी मागे, पश्चकपाल खंडात. याचा तपशीलवार नकाशा युद्धातून मिळाला, ही या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धातील नव्या रायफलींच्या गोळ्या कवटीतून आरपार जात आणि सैनिक पुष्कळदा वाचत. जपानी नेत्रवैद्य तात्सुजी इनोउये यांनी गोळीचा मार्ग मोजला, दृष्टीचा कोणता तुकडा गेला ते नोंदवले आणि १९०९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जर्मनीत ब्रोडमान यांनी मेंदूच्या पृष्ठभागाचे क्रमांक घातलेले विभाग छापले. दृष्टीचा मुख्य विभाग झाला क्रमांक १७. तेव्हा महाराज हयात होते, वय २८.

मग ज्याला कधी दृश्यच मिळाले नाही, त्याचा विभाग १७ रिकामा राहतो का? नाही. १९९६ मध्ये सादातो आणि सहकाऱ्यांना बालपणापासून अंध असलेल्यांच्या या भागात ब्रेल वाचताना हालचाल आढळली. २००३च्या एका अभ्यासात तर जन्मांध व्यक्ती पाठ केलेले शब्द आठवत असतानाही हाच भाग जागा झाला. ज्यांत तो अधिक जागा, त्यांची शब्दस्मृतीही सरस.

यावरून महाराजांच्या स्मरणशक्तीचे निदान करणे हा उतावीळपणा होईल. त्यांचा मेंदू कोणी तपासलेला नाही. पण ‘दृष्टी नाही म्हणून चमत्कार’ हे सूत्रही अपुरे ठरते. त्यात तासन्‌तास वाचून दाखवणारे आणि लिहून घेणारे लोक अदृश्य होतात, आणि ऐकून ज्ञान कमावण्याचे महाराजांचे स्वतःचे कष्टही.