चालताना दाटते का?

माझे वडील कुरुळीहून चाकणच्या कांदाबाजाराला पायी निघत. वाटेत छाती दाटून येई. बाभळीखाली घटकाभर टेकले की ओसरे. घरात सारे म्हणत, पित्त. एकदाचा कार्डिओग्राम काढला, तो निर्दोष निघाला. आम्ही पेढे वाटले. वर्षाच्या आत ते गेले.

विल्यम हेबर्डनने १७६८ साली लंडनच्या वैद्यांपुढे नेमके हेच दुखणे वर्णिले होते: चालताना उठते, थांबताच शमते. त्याच्यापाशी यंत्र नव्हते; रोग्याचे ऐकून घेणारे कान होते.

यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडात आइंटहोवेनने केले. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे, आणि रोग्याने हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचे. आमच्या आजीला वाटले असते, दृष्टच काढताहेत! १९२४ साली त्याला नोबेल मिळाले. तथापि रोहिणी अरुंद असली तरी स्वस्थ पडलेल्या हृदयाला तेवढे रक्त पुरते. कागदावर काही उमटत नाही. म्हणून ब्रूसने रोग्याला चढत्या, फिरत्या पट्ट्यावर चालवले. ती रीत १९६३ची.

रोहिणी प्रत्यक्ष दिसली ती मात्र अपघाताने. ३० ऑक्टोबर १९५८, अमेरिकेतले क्लीव्हलँड. मेसन सोन्स एका तरुणाच्या हृदयाची झडप तपासत होता. नळी सरकली, चित्रासाठीचे औषध थेट हृदयाच्या रोहिणीत गेले. हृदय थांबले. सोन्सने त्याला खोकायला लावले, आणि ठोके परतले! औषध तिथे गेले की माणूस दगावतो, ही समजूत त्या दिवशी मोडली. अँजिओग्राफी जन्मली ती अशी.

गावात कोणी पित्त म्हणून छाती चोळू लागला, की मी आधी विचारतो, “चालताना दाटते का? थांबल्यावर ओसरते का?”