ग्रां पोर्टचें निळें पाणी

मॉरिशस बेटावर जाणारा प्रवासी तेथील पांढऱ्या वाळूची, निळ्या पाण्याची आणि हिरव्या वनराजीची स्तुति करीत परत येतो. ती स्तुति खोटी नव्हे. परंतु ‘मनुष्याचा हात न लागलेली सृष्टि’ असें जें विशेषण तो तिला जोडतो, तें आम्हांस मान्य करवत नाहीं. बेटाच्या आग्नेय कोपऱ्यांतील ग्रां पोर्टचा उपसागर पाहिला म्हणजे त्याचें कारण वाचकांच्या ध्यानांत येईल.

१५९८ सालीं डच गलबतें याच उपसागरांत शिरलीं आणि राजपुत्र मॉरिस याचें नांव बेटास मिळालें. तेव्हां तेथें मनुष्यवस्ती नव्हती. मनुष्याचें भय न शिकलेला, उडतां न येणारा डोडो पक्षी मात्र होता. डचांनीं १६३८ त वसाहत केली, आबनुसाचीं झाडें तोडलीं आणि पुढच्याच वर्षीं जावाहून ऊंस आणला. मनुष्यामागोमाग आलेल्या उंदीर, डुकरें व माकडें यांनीं डोडोचीं अंडीं फस्त केलीं, आणि शंभर वर्षांच्या आंतच तो पक्षी पृथ्वीवरून नाहींसा झाला. १७१० त डच निघून गेले व १७१५ त फ्रेंच आले. १८१० च्या ऑगस्टांत याच पाण्यांत फ्रेंचांनीं इंग्रजी आरमाराचा पराभव केला, व त्या लढाईचें नांव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलें गेलें. तथापि डिसेंबरांत बेट इंग्रजांच्या हातीं पडलें!

राज्यें बदललीं, पण ऊंस राहिला. १८३५ त गुलामगिरी बंद झाली, तेव्हां मळ्यांस मजूर हवे होते. १८३४ ते १९२० पर्यंत सुमारें पांच लाख करारबद्ध मजूर त्या बेटावर उतरले. त्यांतले बहुतेक हिंदी होते, आणि मुंबई बंदरांतून गेलेल्यांत आपलीं मराठी माणसेंही होतीं. गणेशचतुर्थीस तेथें आजही सार्वजनिक सुटी असते.

या उपसागराजवळच ब्लू बे आहे. डोळ्यांवर कांच व तोंडांत श्वासनळी धरून प्रवासी तेथें प्रवाळांवर तरंगतो. समोरच्या इल ओ एग्रेत या चिमुकल्या बेटावरच्या पायवाटेनें हिंडतां किनारी आबनुसाचें शेवटचें रान दिसतें. तेंही आपोआप वांचलेलें नाहीं. तेथें उंदरांचा नायनाट करून, परकीं झाडें उपटून, हातांनीं रोपें लावलेलीं आहेत. १९९० च्या सुमारास रानांत अवघीं दहाएक उरलेलीं गुलाबी कबूतरें पाळून, वाढवून तेथें सोडण्यांत आलीं.

२५ जुलै २०२० रोजीं वाकाशिओ नांवाचें अवाढव्य जहाज जवळच्याच प्रवाळखडकावर आदळलें, आणि पुढें सुमारें हजार टन तेल या पाण्यांत पसरलें. तेव्हां गांवोगांवचे लोक किनाऱ्यावर धांवले. त्यांनीं कापडी पिशव्यांत ऊंसाचें पाचट भरून लांबच लांब लोड शिवले, पाण्यावर तरंगत ठेवले व तेल अडविलें. ज्या ऊंसापायीं अरण्य गेलें आणि ज्याच्यासाठीं यांच्या पूर्वजांना समुद्रापार नेलें, त्याच ऊंसाच्या पाचटानें त्यांनीं आपला समुद्र राखण्याची शर्थ केली.

प्रवाशानें तेथें अवश्य जावें, पोहावें, हिंडावें. मात्र आपण पाहतों ती सृष्टि अस्पर्श नसून कांहीं हातांनीं लुटलेली व कांहीं हातांनीं राखलेली आहे, एवढें स्मरण त्यानें ठेवावें, अशी आमची विनंती आहे.