जोडीतला दुसरा

इतिहासाच्या शिक्षकाने खेळावर बोलावे, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटेल. मी खेळाडू नव्हे. खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या जाफराबाद गावी मी मॅट्रिकपर्यंत शिकलो, शिक्षकाचा पेशा पत्करला आणि केस पिकेपर्यंत मुलांना सनावळ्या पाठ करावयास लावल्या. लॉन टेनिसचा माझा परिचय नभोवाणी, वर्तमानपत्रे आणि मागाहून दूरचित्रवाणी यांच्या द्वारा झाला. परंतु त्या खेळातील एका प्रकाराने, म्हणजे दुहेरीने, माझ्या इतिहासाच्या शिकवणीतील एक उणीव मला दाखवून दिली. तीच आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

टेनिसचे मैदान 78 फूट लांब असते. एकेरी सामन्यात त्याची रुंदी 27 फूट धरतात. दुहेरीत दोन्ही बाजूंच्या पट्ट्या जमेस धरून ती 36 फूट होते. जाळ्याच्या एका बाजूस दोघे खेळाडू उभे राहतात. आता चेंडू उजवीकडे आला तर तो एकाचा, डावीकडे आला तर दुसऱ्याचा, हे उघड आहे. पण नेमका दोघांच्या मधून आला तर तो कोणाचा? दुहेरीची सारी विद्या या एका प्रश्नात सामावलेली आहे. दोघेही धावले तर रॅकेटवर रॅकेट आदळते. दोघेही थांबले तर गुण जातो. केव्हा पुढे व्हावे आणि केव्हा जोडीदारासाठी जागा मोकळी करावी, याचा निर्णय डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घ्यावा लागतो.

असे असूनही लौकिक मात्र एकेरीच्या विजेत्याचाच होतो. डेव्हिस चषकाची स्पर्धा 1900 साली सुरू झाली आणि भारत तीत प्रथम 1921 साली उतरला. त्या स्पर्धेत पहिल्या दिवशी एकेरीचे दोन, मधल्या दिवशी दुहेरीचा एक आणि अखेरच्या दिवशी पुन्हा एकेरीचे दोन सामने, असा क्रम दीर्घकाळ चालत आला होता. पहिल्या दिवशी बरोबरी झाली की पारडे कोणीकडे झुकणार हे त्या मधल्या सामन्यावर ठरे. 1966 साली मेलबर्न येथे भारताने प्रथमच अंतिम लढत दिली. ऑस्ट्रेलियाने ती 4-1 अशी जिंकली. भारताला जो एकमेव विजय लाभला, तो रामनाथन कृष्णन आणि जयदीप मुखर्जी या जोडीने न्यूकोम्ब व रोश यांच्याविरुद्ध दुहेरीत मिळवलेला होता.

आता आपण आपल्या महाराष्ट्राकडे वळू. 12 मे 1933 रोजी सांगलीस जन्मलेले नंदू नाटेकर हे प्रथम टेनिसच खेळत असत. कुमारांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच रामनाथन कृष्णन यांनी त्यांना हरवले आणि नाटेकरांनी बॅडमिंटनची वाट धरली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. 1956 साली क्वालालंपूर येथे विजेतेपद मिळवून परदेशातील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. 1961 साली अर्जुन पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी त्यांचा गौरव झाला. परंतु एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. त्यांची राष्ट्रीय विजेतेपदे एकंदर 17. त्यांपैकी एकेरीची 6. उरलेली 11 पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी यांतील आहेत. म्हणजे ज्यांना आपण एकट्याच्या नजाकतीसाठी स्मरतो, त्यांचा बहुतेक संसार जोडीचाच होता! 28 जुलै 2021 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

वडिलांनी जो खेळ सोडला, तो पुत्राने हाती धरला. गौरव नाटेकर टेनिसकडे वळले. 1994 साली हिरोशिमा येथील आशियाई क्रीडास्पर्धांत त्यांनी लिअँडर पेस यांच्यासमवेत पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक पटकावले आणि सांघिक सुवर्णपदकातही त्यांचा वाटा होता. 1996 साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पिता आणि पुत्र, दोघेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी! त्याच वर्षी पेस यांनी अटलांटा येथे एकेरीचे ऑलिंपिक कांस्यपदक जिंकले, आणि पुढे महेश भूपती यांच्यासह त्यांची जोडी जगभर गाजली. साहजिकच हिरोशिमाची आठवण लोकांच्या मनातून मागे सरली. पेस म्हटले की भूपती आठवतात. नाटेकर क्वचितच आठवतात.

परंतु हा गृहस्थ तेथेच थांबला नाही. स्पर्धात्मक खेळातून निवृत्त झाल्यावर गौरव नाटेकर प्रशिक्षणाकडे वळले. भूपती यांच्या नावाने चालणाऱ्या टेनिस प्रबोधिनींची धुरा त्यांनी वाहिली, आणि दूरचित्रवाणीवर टेनिसच्या सामन्यांचे समालोचनही ते करू लागले. पुण्याचे नंदन बाळ यांचेही उदाहरण असेच आहे. ते डेव्हिस चषकात भारताकडून खेळले, पुढे अनेक वर्षे भारतीय संघाचे प्रशिक्षक राहिले आणि 2020 साली ध्यानचंद पुरस्काराचे मानकरी झाले.

प्रशिक्षक आणि समालोचक ही दोन्ही कामे दुहेरीच्या खेळाडूस इतकी साजतात, याचे कारण मला त्या मधल्या चेंडूत दिसते. प्रशिक्षकाने चेंडू स्वतः मारावयाचा नसतो. शिष्याने तो मारावा एवढी जागा ठेवून बाजूस उभे राहावयाचे असते. समालोचकाचेही तेच. मैदान खेळाडूंचे, आपण केवळ श्रोत्याचा डोळा व्हावयाचे, योग्य तेथे बोलावयाचे आणि योग्य तेथे गप्प राहावयाचे. मराठीतून क्रिकेटच्या समालोचनाची वाट ज्यांनी रुळवली, ते बाळ ज. पंडितही मुळात महाराष्ट्राकडून खेळलेले क्रिकेटपटूच होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. आमच्या शाळेतील दोन मुलांनी एके वर्षी तालुक्याच्या बॅडमिंटन स्पर्धेत दुहेरीचे बक्षीस आणले. त्यांतला एक चपळ, जोरकस फटके मारणारा, दुसरा शांत. वार्षिक वृत्तांत लिहिण्याचे काम मजकडे होते. मी पहिल्याचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले, ‘व त्याचा जोडीदार’. वृत्तांत वाचून झाल्यावर तो दुसरा मुलगा मजजवळ आला आणि हळूच म्हणाला, “गुरुजी, मधले फूल मी मुद्दाम त्याच्यासाठी सोडत होतो.” मी त्याची पाठ थोपटली, वृत्तांत मात्र दुरुस्त केला नाही. पुढच्या वर्षी त्या मुलाने रॅकेट हाती धरले नाही. चपळ मुलाचाही खेळ त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

पुढे अनेक वर्षांनी दूरचित्रवाणीवर एक दुहेरीचा सामना पाहत असता ते वाक्य मला अकस्मात आठवले आणि लाज वाटली. इतिहास शिकवतानाही मी हेच करीत आलो होतो. प्रत्येक पराक्रमापुढे एक नाव लिहावयाचे आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असलेला दुसरा ‘इत्यादी’ या शब्दात बसवावयाचा! सनावळ्या चुकल्या म्हणून मी मुलांचे गुण कापले. ही चूक तर माझीच होती, आणि तिचे गुण कोणीच कापले नाहीत.

म्हणून श्रोतेहो, एवढीच विनंती आहे. आपल्या घरची मुले जोडीचा सामना पाहून अथवा खेळून परत आली म्हणजे ‘कोण जिंकले?’ एवढे विचारून थांबू नका. ‘मधला चेंडू कोणी सोडला?’ हेही विचारा. आणि उत्तरात जे नाव येईल, ते पहिल्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहून ठेवा.