विनयाची शिस्त आणि नेतृत्वाची घडण

नेतृत्व हा उपजत गुण आहे, असे मानण्याची सवय आपल्या समाजात जुनी आहे. ज्याच्या वाणीत ओज आहे आणि ज्याच्यामागे चार माणसे चालतात, तो नेता, एवढ्यावर आपण समाधान मानतो. बौद्ध परंपरेचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. दोन ऐतिहासिक प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

पहिला प्रसंग विनयपिटकातील महावग्गात नोंदलेला आहे. संघाच्या प्रारंभकाळी नवे भिक्खू मार्गदर्शकाविना राहत. त्यांचे चीवर नीटनेटके नसे आणि भोजनसमयी ते गलका करीत. लोकांत टीका होऊ लागली, तेव्हा तथागतांनी उपज्झायाची योजना केली. उपज्झायाने शिष्यास पुत्राप्रमाणे व शिष्याने उपज्झायास पित्याप्रमाणे मानावे, असे ठरले. पण हे नाते आंधळ्या आज्ञापालनाचे नव्हते. उपज्झायाच्या मनात मिथ्या दृष्टी उद्भवल्यास ती दूर करण्याचा यत्न करणे, हेही शिष्याचे कर्तव्य होते.

पुढे उपसेन वंगन्तपुत्त या भिक्खूने स्वतःच्या उपसंपदेस एकच वर्ष झाले असता दुसऱ्यास उपसंपदा दिली. तथागतांनी त्यास दोष दिला आणि किमान दहा वर्षे पूर्ण झालेल्या भिक्खूनेच उपसंपदा द्यावी, असा नियम केला. तेव्हा दहा वर्षे झालेले, परंतु अज्ञ असलेले भिक्खूही शिष्य करू लागले. म्हणून नियमात भर पडली, ती अशी की दहा वर्षांबरोबर विद्वत्ता व सामर्थ्यही असले पाहिजे. केवळ ज्येष्ठता म्हणजे योग्यता नव्हे, हा बोध येथे स्पष्ट आहे. नव्या भिक्खूनेही समर्थ असल्यास पाच वर्षे आचार्याच्या आश्रयाने राहावे आणि असमर्थ असल्यास आजन्म राहावे, असे विनय सांगतो.

दुसरा प्रसंग आपल्या निकटच्या काळातील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ पासून मुंबई विधिमंडळात होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि १९४७ ते १९५१ या काळात स्वतंत्र भारताचे कायदेमंत्री. विधेयकाचे कलम कसे वाचावे, अर्थसंकल्पावर कसे बोलावे, याचे मोल ते स्वानुभवाने जाणत होते. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स’ ही संस्था सुरू केली. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. राजकारणात पडण्यापूर्वी माणसाने शिकावे, हा विचार त्या काळी अपूर्वच म्हटला पाहिजे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. मार्च १९५७ च्या सुमारास ते विद्यालय बंद पडले आणि पहिली तुकडी हीच अखेरची ठरली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूर येथे रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली, परंतु थोड्याच वर्षांत त्यात फूट पडली. फुटीची कारणे अनेक आहेत आणि सर्व दोष एका विद्यालयाच्या अभावावर टाकणे योग्य होणार नाही. तथापि मतभेद कसा हाताळावा, याचे रीतसर शिक्षण मिळालेली पिढी त्या वेळी उभी नव्हती, ही गोष्ट विसरता येत नाही.

तथागतांनी आपल्या पश्चात कोणा व्यक्तीस उत्तराधिकारी नेमले नाही. धम्म व विनय हेच शास्ता राहतील, असे सांगितले. त्यांच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनयाविषयीच्या प्रश्नांना उत्तरे दिली, ती पूर्वाश्रमी नापित असलेल्या उपालींनी. कुळाने नव्हे, तर शिक्षणाने त्यांना ते स्थान मिळाले होते. संघाची घडण नियमांत बांधलेली होती, म्हणून ती शास्त्याच्या मागेही चालू राहिली. विद्यालयाची घडण मात्र एका थोर आयुष्यावर विसंबून होती आणि त्या आयुष्याबरोबरच ती थांबली.

नेता गेल्यावर पुतळे उभारणे सोपे आहे. त्याने आरंभिलेली शाळा चालू ठेवणे कठीण आहे. त्या कठीण कामाकडेच आपण वळले पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.