राजाचं उघडं पत्र

व्हिसा हा शब्द आता आपल्याकडे इतका घरचा झाला आहे की देवळाच्या पायरीवर टेकलेले आजोबासुद्धा एच-वन आणि एल-वन यांतला फरक समजावून सांगतात. गेल्या पंधरा वर्षांत त्यात आणखी एका नावाची भर पडली, स्टार्टअप व्हिसा. म्हणजे परदेशात जाऊन स्वतःचा नवा उद्योग काढू पाहणाऱ्याला तिथल्या सरकारनं दिलेला परवाना. नाव नवं, तेव्हा वस्तूही नवी असणार असं आपल्याला वाटतं. पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. कुणी "हे अगदी नवीन" म्हटलं की माझा हात आपोआप मागची पानं उलटू लागतो. या गोष्टीची मागची पानं चांगली सातशे वर्षं जुनी आहेत.

सन १३३१. इंग्लंडच्या गादीवर तिसरा एडवर्ड. इंग्लंडची लोकर तेव्हा युरोपात नावाजलेली होती, पण तिचं उत्तम कापड विणण्याचं कसब समुद्रापलीकडे फ्लँडर्समध्ये, म्हणजे साधारण आजच्या बेल्जियमच्या भागात. कच्चा माल यांचा, पक्का माल त्यांचा, आणि नफाही त्यांचाच. कापूस इथला आणि कापड मँचेस्टरचं, हे आपण शाळेत घोकलं. त्याच इंग्लंडची एके काळी स्वतःचीच अशी गत होती, हे मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही.

एडवर्डनं जॉन केम्प नावाच्या फ्लँडर्सच्या विणकराला एक संरक्षणपत्र दिलं. मजकुराचा आशय असा : तुझे नोकरचाकर आणि उमेदवार घेऊन ये, आमच्या राज्यात निर्धास्तपणे धंदा कर, आणि ज्यांना ही विद्या शिकायची असेल त्यांना शिकव. तुझ्यासारखे आणखी विणकर, रंगारी आले तर त्यांनाही असंच पत्र देऊ. पुढे १३३७ मध्ये कायदाच झाला. परदेशी कापड आणायला बंदी, आणि कापड विणणाऱ्या परदेशी माणसांना मात्र मुभा. माल नको, माल करणारा हवा. आजच्या कुठल्याही स्टार्टअप व्हिसाचा सारांश याच पाच शब्दांत मावतो.

पण वाचकहो, ते पत्र राजाचं होतं, गावाचं नव्हतं. लंडनच्या विणकरांना हे पाहुणे डोळ्यांत खुपत. १३८१ मध्ये इंग्लंडात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं, तेव्हा लंडनच्या रस्त्यांवर फ्लँडर्सचे लोक हुडकून ठार मारले गेले. चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांनाही बाहेर ओढून काढलं. केम्पला पत्र मिळालं त्याला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं झाली होती. बोलावणारा एक असतो आणि शेजारी राहणारा दुसराच, हा धडा पहिल्याच पानावर आहे.

पुढचं उदाहरण १४४९ मधलं. सहाव्या हेन्रीनं युटिनमचा जॉन या फ्लँडर्सच्याच काचकाराला रंगीत काच बनवण्याचा वीस वर्षांचा मक्ता दिला. ईटनच्या विद्यालयाच्या खिडक्यांना तशा काचा हव्या होत्या. अट पुन्हा तीच, इथल्या लोकांना शिकव. अशा आज्ञापत्रांना 'लेटर्स पेटंट' म्हणत, म्हणजे कुणीही वाचावं असं मोहोर लावलेलं उघडं पत्र. आज आपण संशोधकाच्या हक्काला पेटंट म्हणतो, तो शब्द याच उघड्या पत्रातून आला. पेटंट आणि उद्योजकाचा व्हिसा ही एकाच घरातली दोन भावंडं आहेत, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

आता जरा आपल्या अंगणात येऊ. मुंबई बेट १६६१ च्या तहानं पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आलं आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. बंदर उत्तम, पण व्यापारी कुठे होते? ते सगळे सुरतेत आणि गुजरातच्या इतर बंदरांत. गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळात त्यांना मुंबईत आणण्याची खटपट चालली होती. १६७७ मध्ये दीवचा एक बडा बनिया व्यापारी, निमा पारख, मुंबईत यायला तयार झाला. पण त्यानं आधी स्वतःच्या अटींची यादी पाठवली.

ती यादी वाचण्यासारखी आहे. घराला आणि वखारीला बिनभाड्याची जागा द्या. आमच्या धर्मात कुणी ढवळाढवळ करणार नाही, आमच्या आवारात कुणी जीवहत्या करणार नाही, आणि आमचे मृतदेह आमच्या रीतीनं दहन करू द्या. पहाऱ्याच्या कामावर आम्हाला जुंपू नका. आणि युद्ध झालं तर बायकामुलांसह, चीजवस्तूंसह किल्ल्यात आसरा द्या. दीव १६६८ मध्ये मस्कतच्या अरबांनी लुटलं होतं आणि तिथे राज्य पोर्तुगीजांचं होतं, हे लक्षात घेतलं की यातली एकेक अट कुठून आली ते कळतं. कंपनीच्या सुरतेच्या आणि मुंबईच्या अधिकाऱ्यांनी या अटींवर विचार केला आणि त्यातल्या बहुतेक त्यांना मान्य करण्याजोग्या वाटल्या.

केम्पच्या पत्रात राजा बोलतो. इथे येणारा बोलतो, आणि तो नफ्याबद्दल फारसं बोलतच नाही. नफा कसा करायचा ते त्याला ठाऊक होतं. तो विचारतो पूजेबद्दल, मरणाबद्दल आणि संकटकाळाबद्दल. मुंबईसारखं शहर अशाच करारांतून वाढलं.

आठच वर्षांनी युरोपात याहून मोठी घटना घडली. १६८५ च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं नान्टचा जाहीरनामा रद्द केला आणि ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंट, पोरके झाले. त्यांनी देश सोडून जाऊ नये असंही फर्मान होतं. पळताना सापडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडत. ही बातमी पोहोचताच ब्रँडेनबुर्गचा इलेक्टर फ्रेडरिक विल्यम यानं काही आठवड्यांतच पॉट्सडॅमहून स्वतःचा जाहीरनामा काढला : आमच्याकडे या. वाटेत मदत करू, घर बांधायला सामान देऊ, काही वर्षं कर माफ, कारखाना काढणाऱ्याला साहाय्य, आणि तुमच्या भाषेत तुमची प्रार्थना. तीस वर्षांच्या युद्धानं त्याचा मुलूख ओस पडला होता, त्याला माणसं हवी होती. सुमारे वीस हजार माणसं आली. १७०० च्या आसपास बर्लिनमध्ये साधारण पाचातला एक माणूस फ्रेंच होता. विणकर आले, तसे माळी आले, घड्याळजी आले आणि शिक्षकही आले.

या सगळ्या पत्रांत मला एक प्रश्न दिसतो. बोलावणाऱ्याला माणूस हवा आहे, की त्याच्या हातातलं कसब? केम्पला बोलावलं ते कसबासाठी, पॉट्सडॅमनं बोलावलं माणसांना. आजचे व्हिसासुद्धा याच दोन ढिगांत वाटता येतात.

पहिल्या महायुद्धानंतर पासपोर्ट आणि व्हिसा ही सक्तीची रीत झाली आणि राजाच्या पत्राची जागा छापील अर्जानं घेतली. २०१० मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये केरी आणि लुगार यांनी स्टार्टअप व्हिसाचं विधेयक मांडलं. ते कधीच कायदा झालं नाही. त्याच वर्षी चिलीनं मात्र परदेशी होतकरूंना चाळीस हजार डॉलर आणि एक वर्षाचा व्हिसा देऊ केला, कंपनीत हिस्सा न मागता. आणि १ एप्रिल २०१३ ला कॅनडानं आपला स्टार्टअप व्हिसा सुरू केला. त्यांनी सिलिकॉन व्हॅलीच्या हमरस्त्यावर फलकच लावला होता, 'एच-वनबीची अडचण आहे? कॅनडाकडे वळा' अशा अर्थाचा. पॉट्सडॅमच्या त्या इलेक्टरला तो फलक नक्की आवडला असता.

कॅनडाची रीत अशी होती. राजा एडवर्डला कापडातलं थोडंफार कळत असेल, पण सरकारी कारकुनाला सॉफ्टवेअरमधलं काय कळणार? म्हणून पारख करण्याचं काम सरकारनं निवडक संस्थांकडे सोपवलं. साहस भांडवल पुरवणाऱ्या संस्थेनं दोन लाख कॅनेडियन डॉलर गुंतवायचे, किंवा एंजल गुंतवणूकदारांच्या गटानं पंच्याहत्तर हजार, किंवा एखाद्या इन्क्युबेटरनं पदरात घ्यायचं. मग भाषेची परीक्षा आणि घरखर्चापुरती शिल्लक. हे जमलं की थेट कायमचं वास्तव्य. पुढे धंदा बुडाला तरी ते काढून घेत नसत. धंद्यात अपयश येणारच हे ओळखून माणसाला ठेवून घेणारी ती योजना होती, आणि म्हणून मला ती मोठ्या मनाची वाटे.

पण घरात जागा किती आणि पंगत किती याचा हिशोब चुकला. अर्ज साचत गेले. एप्रिल २०२४ मध्ये प्रत्येक संस्थेला वर्षाला दहाच उद्योगांची शिफारस करता येईल अशी मर्यादा आली. २०२५ मध्ये प्रतीक्षेचा अंदाज दहा वर्षांच्याही वर गेला आणि त्या वर्षाअखेर, थोडे अपवाद वगळता, नवे अर्ज घेणं बंद झालं. दहा वर्षं म्हणजे किती, हे मला शाळेच्या भाषेत कळतं. पहिलीत गेलेलं पोर तेवढ्यात दहावी होतं. त्या पोराचा देश कोणता, याचं उत्तर मात्र अजून टपालातच.

अमेरिकेनं दुसरी वाट धरली. जानेवारी २०१७ मध्ये ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटच्या दिवसांत एक नियम निघाला. अडीच लाख डॉलरची गुंतवणूक मिळवलेल्या परदेशी उद्योजकाला अडीच वर्षं राहू द्यायचं, आणि ठीक चाललं तर आणखी अडीच. हा व्हिसाही नव्हता, नुसती मुभा होती. नव्या सरकारनं तो लागू होण्याआधीच पुढे ढकलला, डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयानं तो लागू करायला लावला, २०१८ मध्ये तो रद्द करण्याचा प्रस्ताव आला, आणि २०२१ मध्ये तो प्रस्तावच मागे घेतला गेला. चार वर्षांत चार वळणं. यात कंपनी हवी आहे, माणूस तिच्यामागून आलेला आहे. ब्रिटननंही २०१९ मध्ये स्टार्टअप नावाचा व्हिसा काढला आणि २०२३ मध्ये तो गुंडाळला.

कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. प्रत्येक देशाला आपलं दार उघडण्याचा आणि लावण्याचा अधिकार आहे. १३८१ ची आठवण ठेवली तर शेजाऱ्याच्या मनाचा विचार न करता दार सताड उघडणं हेही पाहुण्याशी केलेलं वैरच ठरतं. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला उत्तर वेळेत मिळावं, एवढं तरी यजमानानं पाळायला हवं. 'या' किंवा 'येऊ नका', दोन्ही शब्द सभ्य आहेत. 'थांबा' हा शब्द मात्र दहा वर्षं लांबला की माणसाचं आयुष्य खातो.

आणि जाणाऱ्यानं काय करावं? त्यानं निमा पारखची यादी एकदा वाचावी. आजच्या अर्जात अर्जदारानं स्वतःच्या अटी लिहाव्यात असा रकाना नसतो, हे खरं. पण घरी, कागद-पेन्सिल घेऊन, ती यादी करायला कुणाची हरकत आहे? धंदा बुडाला तर राहता येईल का? नियम बदलला तर मुलांच्या शाळेचं काय? आईबाप आजारी पडले तर येता येईल का, आणि आल्यावर परत जाता येईल का? साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्यानं गलबतात सामान चढवण्याआधी एवढं विचारून घेतलं होतं.